आडवी बाटली दारूच्या दुकानाला चालते, मग मैदानाच्या आरक्षणाला का नाही?

बाकावरचा :

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, आमच्या हरकतीचा निकाल अजून यायचाय.

आमच्या सोसायटीच्या मागे दीडेक एकर जागा आहे, डीपीत (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात) तिच्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण. मी ९८ साली फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसाने नकाशातल्या हिरव्या चौकोनावर पेन टेकवून सांगितलं होतं, साहेब हे मैदान येणार, थेट तुमच्या गॅलरीतून दिसेल. मैदान काही आलं नाही. बाभळी आल्या, राडारोडा आला, मधे दोन वर्षं एक गाढववाला गाढवं घेऊन राहून गेला. पोरं उरलेल्या तुकड्यात क्रिकेट खेळतात आणि बॉल बाभळीत गेला की ज्याने मारला त्याने आणायचा असा नियम आहे. पण निदान कागदावर तरी मैदान होतं ना.

आता मध्यंतरी पेपरात नोटीस आली, कलम ३७ खाली फेरबदल, खेळाचं मैदान वगळून जागा रहिवास विभागात. नोटीस कुठे छापली, तर "मी माझे नाव बदलले आहे" आणि "मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे" या दोघांच्या मधे. नुसता सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, ना चौकाचं नाव ना रस्त्याचं. आपला सर्व्हे नंबर कोणाला पाठ असतो सांगा. ती दिसली आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, मुलीचं लग्नानंतरचं नाव छापून आलंय का ते बघताना.

मग पळापळ. महिन्याच्या आत हरकती द्यायच्या होत्या, आजूबाजूच्या चार सोसायट्या मिळून २१२ दिल्या. सुनावणीला ११ ची वेळ, चाळीसेक जण रजा टाकून गेलो, नंबर लागला पावणेदोनला. टेबलावर काचेखाली नकाशा आणि काचेवर चहाच्या कपाचा गोल डाग, तोही बरोब्बर आमच्या एरियावर. "हरकत क्रमांक? बोला." मी बोलायला लागलो तर साहेब म्हणाले तुम्हा सगळ्यांचं म्हणणं एकच आहे ना, मग एकानेच बोला, बाकीचे सह्या करा. तीन मिनिटं, फार तर चार.

रिक्षातून येताना बायको म्हणाली (ती साताऱ्याकडची, त्यांच्या गावात बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद), अहो आम्ही आडवी बाटली केली तसं इथे का नाही करत, मैदान उभं की मैदान आडवं.

तेव्हा हसलो, पण रात्री डोक्यात तेच. दारूचं दुकान वॉर्डात नको हे बायका शिक्का मारून ठरवू शकतात. सोसायटी रिडेव्हलपमेंटला द्यायची का हे ५१ टक्के सभासद ठरवतात. मग अख्ख्या वॉर्डाच्या जागेचं काय करायचं, मैदान ठेवायचं की टॉवर, किती मजले, हे त्या वॉर्डातले लोक मतदानाने का नाही ठरवू शकत? कुठल्या देशात करतात का असं? जाणकारांनी सांगा प्लीज, आणि "कोर्टात जा" हे सोडून.

---

निवृत्त_नगररचनाकार :

माझं आयुष्य नगररचनेत गेलं, दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात, आता पेन्शनीत आहे त्यामुळे बोलायला हरकत नाही (हा शब्द काही सुटत नाही बघा).

आधी आहे ते सांगतो. आपल्याकडे सगळा कारभार १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यावर. नवा डीपी करताना कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं, लोक हरकती-सूचना देतात, त्या कलम २८ मधली नियोजन समिती ऐकते. समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त ४ जाणकार, म्हणजे झाली सात माणसं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप डीपी २०१३ ला आला तेव्हा हरकती आल्या ८७ हजारांच्या वर. सात माणसं आणि ८७ हजार हरकती, भागाकार तुम्हीच करा. शेवटी मुदत टळली, २०१५ ला राज्य सरकारने तो डीपी पालिकेकडून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला आणि मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये.

तुमचं प्रकरण कलम ३७ चं, म्हणजे मंजूर डीपीत मधेच केलेला फेरबदल. त्यात नोटिशीपासून एक महिना असतो, सुनावणी होते आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा. तुमचा नगरसेवकसुद्धा फक्त मधला टप्पा.

आता तुम्हाला आवडणार नाही असं एक सांगतो. हरकत म्हणजे मत नव्हे. आम्ही हरकती मोजायचो नाही, मुद्दे मोजायचो. एकाच मजकुराच्या २१२ झेरॉक्स, खाली नाव फक्त वेगळं, म्हणजे मुद्दा एक. साहेब "एकानेच बोला" म्हणाले ते उर्मटपणाने असेलही, पण पद्धत तीच आहे. त्या २१२ मधे दहा जणांनी जरी वेगळं काही लिहिलं असतं, कोणी शाळेला मैदान नाही ते, कोणी या भागात लोकसंख्येच्या मानाने मोकळी जागा किती आणि पाहिजे किती ते, कोणी पावसाचं पाणी कुठून वाहतं ते, तर अहवालात दहा परिच्छेद झाले असते आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागलं असतं.

आडव्या बाटलीचं म्हणाल तर वहिनींना विचारा, त्यांना आठवत असेल. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्या तपासायच्या, मग गुप्त मतदान, आणि आडवीला मतं पाहिजेत ती झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. कितीतरी गावांत आडवी पुढे असून दुकान चालू राहिलंय. शहरात लोक पालिकेच्या निवडणुकीला बाहेर पडत नाहीत, सर्व्हे नंबरसाठी कोण येणार?

आणि डीपीत आरक्षणं शेकड्यांनी असतात. मतपत्रिका धोतराएवढी होईल.

---

भाड्याच्या_घरातून :

बाकावरचे काका, मैदान पाहिजेच, त्यात वाद नाही. पण मतदान नको हो.

मी लातूरचा. शहरात ९ वर्षं झाली, सहा घरं बदलली, मतदारयादीत नाव अजून लातूरलाच. कारण दरवेळी ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, आणि पत्त्यासाठी लाईटबिल मागितलं की मालकाच्या कपाळावर आठ्या, त्याला वाटतं मी घर बळकावणार. म्हणजे तुमच्या त्या मतदानात मी नाही. ज्या टॉवरमध्ये उद्या मी घर घेऊ शकलो असतो तो होऊ द्यायचा की नाही हे ठरवणार कोण, तर ज्यांचं घर ९८ सालीच झालं ते. तेव्हा तुमची बिल्डिंग उठली तेव्हाही मागच्या बंगल्यातल्या कोणाची तरी हवा अडलीच असेल ना? त्यांना मत असतं तर तुमची गॅलरी कुठून आली असती.

लोकलसारखं आहे हे. फलाटावर असतो तेव्हा "आत सरका, आत भरपूर जागा आहे", आणि एकदा चढलो की "अरे पुढची गाडी रिकामी आहे".

माझ्या ऑफिसातला एक जण रोज येऊन-जाऊन साडेतीन तास प्रवास करतो कारण जवळ परवडत नाही. जिथे जिथे लोकांना विचाराल तिथे तिथे लोक म्हणणार इथे नको तिकडे बांधा, आणि तिकडे म्हणजे कुठे तर जिथे पाणी टँकरने येतं आणि बस दिवसातून चार.

---

सातबारा_आमचा :

वरची सगळी चर्चा वाचली. दीड एकर जागा, बाभळी, गाढवं, पोरांचा बॉल, सगळं लिहिलं साहेबांनी. जागा कोणाची ते मात्र एकदाही लिहिलं नाही.

मी तुमच्या शहरातला नाही, पण आमची बी अशीच २८ गुंठे. आजोबांच्या नावावर असताना आरक्षण पडलं. आता आजोबा गेले, वडील गेले, सातबाऱ्यावर ११ नावं लागली. पालिकेने ना पैसे दिले ना जागा घेतली. चुलत्याच्या पोरीच्या लग्नाला कर्ज काढायला गेलो तर बँकवाला म्हणे आरक्षण आहे, तारण चालत नाही. विकायला काढली तर गिऱ्हाईक पंधरा आणे भाव पाडून मागतो. आणि समोरच्या सोसायटीचे लोक सकाळी आमच्या बांधावरून वॉकिंग करत जातात आणि आम्हालाच विचारतात तुम्ही इथे काय करताय.

कलम १२७ आहे हे आम्हाला बी कळलं, पण उशिरा. दहा वर्षात ताब्यात घेतलं नाही तर मालकाने नोटीस द्यायची, मग पालिकेला २४ महिने, तरी हलले नाहीत तर आरक्षण उडतं. नोटीस द्यायला ११ जणांच्या सह्या पाहिजेत, त्यातला एक सुरतेला, एक बोलत नाही.

आता मतदानाचं. तुमच्या चार सोसायट्यांची मतं हजारभर धरा, आमची अकरा. मी हरणारच की. हरल्यावर जमीन तुमची होती का? मैदान पाहिजे तर काढा वर्गणी, रेडीरेकनरने पैसे भरा, मी स्वतः रोलर फिरवून देतो.

आणि एक गोष्ट. आमचं गाव हद्दीत यायच्या आधी ग्रामसभा होती. नळाच्या पाण्यावरून आईबापाचा उद्धार व्हायचा, खरंय, पण समोरासमोर. गावठाणाबाहेर काय करायचं ते तिथं बोललं जायचं. हद्दीत आलो आणि ग्रामसभा गेली, तिच्या बदल्यात काय मिळालं तर व्हॉट्सॲप ग्रुप.

---

बाकावरचा :

@सातबारा_आमचा, खरं सांगतो वाचून गप्प झालो. २८ वर्षं ती जागा बघतोय आणि मालक कोण हे मला माहीत नाही. कुंपणावर एक पुसट बोर्ड होता पूर्वी, "ही जागा खाजगी मालकीची", त्याच्या खालचं नाव पोरांनी स्टंप काढून खोडलंय.

@भाड्याच्या_घरातून, तुमचा मुद्दा लागलाय पण पटला अर्धा. मी घरं नको म्हणत नाहीये, मैदानावर नको म्हणतोय. आणि टॉवरमध्ये तुम्हाला परवडेल असं घर असेल याची काय गॅरंटी? आमच्या शेजारी झालेल्या टॉवरमध्ये निम्म्या खिडक्या रात्री अंधारात असतात.

---

पेणकर :

महाराष्ट्रात असं मतदान झालंच नाही असं कोणी म्हणू नका, आमच्याकडे झालंय. सप्टेंबर २००८, महामुंबई सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र). रायगडातली पेण, उरण, पनवेल या तीन तालुक्यांतली ४५ गावं त्यात जाणार होती. त्यातली हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावं, सगळी आमच्या पेण तालुक्यातली. मुद्दा असा की धरण बांधून पाणी देतो म्हणून आधी जमिनी घेतल्या, कालवे काढले, आणि पाणी यायच्या वेळेला तीच जमीन सेझला. एन. डी. पाटील सर आणि बाकी सगळ्यांनी रान उठवलं, आणि शेवटी सरकारनेच २१ सप्टेंबरला जनमत कौल घेतला. भातं पोटरीत होती. शेतात चिखल, आणि लोक पायजमे वर दुमडून शाळेत रांगेत उभे.

कौल कुठे गेला ते सांगायला नको. कायद्याने तो कोणावर बंधनकारक नव्हता, नंतर सरकार बराच काळ मूग गिळून बसलं. पण एकदा २२ गावांनी पेटीत चिठ्ठ्या टाकल्यावर "शेतकऱ्यांना प्रकल्प हवाय, चार पुढारी भडकवतायत" हे बोलायची सोय राहिली नाही. सेझ झाला नाही तो नाहीच.

पण त्या वेळी प्रश्न साधा होता. माझी जमीन मी देऊ की नको. बाकावरच्यांचा प्रश्न असा की दुसऱ्याच्या जमिनीचं काय करायचं ते मी ठरवू का. ही दोन मतदानं सारखी नाहीत, एवढं मलाही कळतं.

---

खाडीपलीकडून :

तुम्ही विचारलंत कुठल्या देशात करतात, तर कॅलिफोर्नियात सर्रास करतात आणि मी कुपर्टिनोत राहतो, जिथे हाच तमाशा आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. मूळचा डोंबिवलीचा, त्यामुळे गर्दीची भीती नाही.

इथे व्हॅल्को नावाचा जुना मॉल होता, दुकानं ओस पडलेली. त्याजागी काय करायचं यावर २०१६ च्या नोव्हेंबरात एकाच मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव. मेझर सी हा रहिवाशांचा, मॉलच्या जागी घरं-ऑफिसं येऊ नयेत, उंचीला मर्यादा. मेझर डी बिल्डरच्या बाजूचा, त्याच्या प्लॅनला मंजुरी. त्या दोन महिन्यांत आमच्या पोस्टाच्या डब्यात जेवढे गुळगुळीत कागद आले तेवढी दिवाळीला लग्नपत्रिका येत नाहीत. इंडियन ग्रोसरीच्या बाहेर टेबल टाकून सह्या, आत जाताना एका बाजूचे, बाहेर येताना दुसऱ्या बाजूचे. सी ला हो म्हटलं म्हणजे बांधकामाला नाही, डी ला नाही म्हटलं म्हणजे पण नाही, आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांनी दोन्हीला हो करून टाकलं. दोन्ही प्रस्ताव पडले!

मग झालं काय तर २०१७ ला राज्याने कायदा केला, एसबी ३५, की जी शहरं पुरेशी घरं बांधत नाहीत तिथे नियमात बसणारा आणि परवडणारी घरं देणारा प्रोजेक्ट शहराला अडवता येणार नाही. बिल्डरने २०१८ ला त्याखाली अर्ज केला, २,४०२ घरं, त्यातली निम्मी बाजारभावापेक्षा स्वस्त. शहराला सहा महिन्यांत मंजूर करावाच लागला. त्याच वर्षी कौन्सिलने स्वतःचा वेगळा प्लॅन मंजूर केला होता, त्याविरुद्ध लोकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या आणि २०१९ ला कौन्सिलने तो मागे घेतला. म्हणजे लोकांनी शहराचा प्लॅन पाडला आणि पदरात पडला तो ज्यावर कोणी मतच दिलं नव्हतं तो. मॉल पाडून वर्षं झाली, मी पुढे कितीतरी वेळा त्या रिकाम्या जागेवरून गाडी नेली.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी. सॅन फ्रान्सिस्कोत जून २०१४ ला लोकांनी ठरवलं की बंदराच्या किनाऱ्याच्या जागेवर उंचीची मर्यादा वाढवायची तर आधी आम्हाला विचारा. सगळ्यांना वाटलं आता तिथे वीटही लागणार नाही. त्याच नोव्हेंबरात पिअर ७० चा प्रस्ताव आला, ४० फुटांचे ९० फूट करू का, आणि लोक हो म्हणाले. पुढच्या वर्षी तिथल्याच मिशन रॉक प्रोजेक्टलाही हो म्हणाले, कारण मतदान तोंडावर आहे म्हटल्यावर बिल्डरने आधीच ४० टक्के घरं परवडणाऱ्या दरात कबूल केली. म्हणजे मताची भीती असली की सौदा सुधारतो हेही खरं.

पण सगळ्यात महत्त्वाचं भाड्याच्या_घरातून यांनी लिहिलंय ते. २०१६ च्या त्या मतदानात मला मत नव्हतं. एच-१ व्हिसावर होतो, घराचं भाडं पगाराच्या निम्मं, टॅक्स भरतोय, मुलगी तिथल्याच शाळेत, पण नागरिक नाही. माझ्यासारखे गल्लोगल्ली. आमच्याच घरांवर मतदान आणि आम्ही सह्यांच्या टेबलासमोरून कोथिंबीर घेऊन जाणार. आणि याला जुना इतिहास आहे, इथल्या राज्यघटनेत १९५० पासून कलम ३४ आहे, गरिबांसाठी सरकारी घरं बांधायची तर आधी स्थानिक मतदारांची मंजुरी घ्या. श्रीमंतांच्या बंगल्यांना अशी मंजुरी लागत नाही.

---

पर्वरीकार :

आमच्या गोंयात तर जनमत कौल हा शब्द उच्चारला की म्हातारी माणसं अजून दोन गट करून बसतात. १६ जानेवारी १९६७, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, ३४,०२१ मतांनी वेगळं राहायचं ठरलं. तेव्हा लोकांना विचारून मोठा निर्णय करता येत नाही असं आम्हाला सांगू नका हां.

पण जमिनीचं म्हणाल तर मत नाही, मोर्चाच. रीजनल प्लॅन २०११ आला, २००६ साली, डोंगर-शेतं सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकाम चालणाऱ्या विभागात टाकलेली, लोकांनी गोवा बचाव अभियान करून असा दणका दिला की जानेवारी २००७ ला सरकारला तो रद्द करावा लागला. छान वाटलं. मग कळलं की अख्खा प्लॅन बदलला की लोक रस्त्यावर येतात, तेव्हा एकेक सर्व्हे नंबर सुटा बदलावा. २०२३ ला टीसीपी (नगरनियोजन) कायद्यात कलम १७(२) घातलं, प्लॅनमध्ये "चुकून" झालेल्या चुका मालकाच्या अर्जावरून दुरुस्त करायच्या. आता चुका इतक्या निघायला लागल्या की प्लॅन करणाऱ्यांची कीव यावी, आणि प्रत्येक चूक नेमकी शेताची सेटलमेंट करणारी. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम उडवले. त्याआधीच २०२४ ला जागेचा झोन बदलायचं कलम ३९ए आलं, ते आणखी सोपं.

रविवारी ग्रामसभेत आम्ही ठराव घेतो, हात वर करून, मोठ्याने. ठराव पणजीला जातो आणि फायलीत झोपतो. म्हणून बाकावरच्यांना सांगतो, तुमचा शत्रू मोठा डीपी नाही, ती नाव बदलण्याच्या जाहिरातीच्या शेजारची छोटी नोटीस आहे.

---

निवृत्त_नगररचनाकार :

पर्वरीकारांनी नेमकं बोट ठेवलं. मी नोकरीत असताना हेच पाहिलं, प्रारूप डीपीच्या वेळी शहर जागं असतं, पत्रकार असतात, प्रदर्शनाला गर्दी असते, भिंग लावून लोक आपलं घर शोधतात. नंतर वीस वर्षं एकेक फेरबदल सरकत जातो आणि तेव्हा कोणी नसतं. त्यात अनेक पालिकांत २०२२ नंतर तीन-चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच प्रस्ताव ठेवणार आणि प्रशासकच मंजूर करणार. मतदान राहू द्या, मुख्य सभेत कोणी खुर्ची आपटायलाही नव्हतं.

म्हणून मी आता माझंच वरचं मत थोडं बदलतो. अख्ख्या डीपीला मतदान, किती मजले याला मतदान, हे वेडेपणाचं, कारण भाड्याच्या घरातले म्हणतात तसं बाहेरचा माणूस कायम हरणार. पण सार्वजनिक आरक्षण वगळायचं असेल, मैदान, शाळा, दवाखाना, तर तेवढ्यापुरतं वॉर्डाला विचारायला काय हरकत आहे? कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभा आहे, दोन-चार मतदान केंद्रांपुरती, शहरातली ग्रामसभाच म्हणा. इथे किती जणांनी आपली क्षेत्रसभा भरलेली पाहिलीय, हात वर करा. मी नोकरीतून निवृत्त झालो, एकही पाहिली नाही. नोटीस त्या सभेत वाचून दाखवली, जागेवर मोठा बोर्ड लावला, सर्व्हे नंबरशेजारी "अमुक शाळेच्या मागे" एवढं लिहिलं, तरी अर्धं काम होईल.

---

सातबारा_आमचा :

विचारा की. पण वॉर्डाने "आरक्षण ठेवा" म्हटलं तर त्याच ठरावात लिहा, पैसे दोन वर्षात द्या नाहीतर जागा मोकळी. नुसतं ठेवा म्हणायला काय जातंय. माझ्या आजोबांना पण ठेवाच म्हणाले होते.

---

भाड्याच्या_घरातून :

हे चालेल मला. आणि मतदारयादी नको, राहण्याचा कुठलाही पुरावा चालू द्या, गॅसचं कार्ड, भाड्याचा करार, काहीही. नाहीतर माझं मत लातूरच्या मैदानाला द्यावं लागेल, तिथे तर मैदानच मैदान आहे.

---

खाडीपलीकडून :

@निवृत्त_नगररचनाकार, प्रश्न कोण लिहिणार ते पण आधीच ठरवा. आमच्याकडे अर्धी लढाई त्या दोन ओळींच्या मजकुरावर होते. "मैदान वाचवावे का" असं छापलं तर ९० टक्के हो, "मालकाचे थकीत पैसे करातून द्यावेत का" असं छापलं तर ९० टक्के नाही. जागा तीच.

---

निवृत्त_नगररचनाकार :

बरोबर. बाकावरचे, तुमच्यापुरतं सांगतो. सुनावणी झाली म्हणून गप्प बसू नका. अहवाल सरकारकडे जायच्या आधी लेखी म्हणणं परत द्या, दोन प्रतीत, एका प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घ्या, शिक्का पुसट आला तर परत मारून मागा, लाजू नका. त्या भागात अजून किती मैदानं डीपीत होती आणि प्रत्यक्षात किती झाली ती यादी माहिती अधिकारात मागा. आणि समावेशक आरक्षणाचा पर्याय सुचवा, मालकाने काही भाग मैदान करून पालिकेला द्यायचा आणि उरलेल्यावर बांधायचं, आरक्षणाच्या प्रकाराप्रमाणे यात बसतं का ते बघावं लागेल, २०२० च्या युडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) तरतूद आहे. पण त्यासाठी आधी मालकाशी बोलायला हवं.

---

बाकावरचा :

अपडेट. बोललो मालकांशी. सोसायटीच्या वॉचमनला माहीत होतं त्यांचं घर, मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, चालत सात मिनिटं. जुनं कौलारू, ओट्यावर सत्तरीचे एक गृहस्थ शेंगा सोलत होते. मी ओळख करून दिली, तर म्हणाले त्या पिवळ्या बिल्डिंगचे का, तुमच्या पोरांनी बोर्ड खोडला. मी सॉरी म्हणालो, पोरं आता तिशीची आहेत म्हणालो.

फाईल आणली त्यांनी आतून. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर लग्नाच्या साडीच्या दुकानाचं नाव. त्यात ८९ पासूनचे अर्ज, प्रत्येकावर शिक्का घेतलेला (निवृत्त साहेब, तुमची आठवण झाली). अर्धं मैदान-अर्धं बांधकाम हे सुचवलं तर ते शांतपणे म्हणाले, हेच मी २००४ ला लिहून दिलं होतं, हे बघा. आणि खरंच होतं. त्यावर कोणी तरी लाल पेनने "चर्चा करावी" लिहिलेलं. चर्चा झाली नाही.

आता अडचण अशी की त्यांनी एका बिल्डरशी करार करून विसार घेतलाय. तरी म्हणाले तुमचा अर्ज घेऊन या, वाचून बघतो, सही करायची की नाही ते पोरांना विचारून सांगतो. रविवारी परत जातोय, बायको म्हणते मी पण येणार, तिला ते ग्रामसभेसारखं वाटतंय.

---

सातबारा_आमचा :

विसार किती घेतला ते विचारलं का?

---

बाकावरचा :

विचारलं. शेंगा पुढे केल्या.